दिवा लागला म्हणजे काम झालं असं नाही: घरातल्या विजेच्या कामाला हात घालण्याआधी

फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) उलटे जोडले तरी दिवा लागतो. अर्थिंगची हिरवी वायर कुठेच जोडली नाही तरी फ्रिज थंड होतो. स्क्रू अर्धवट आवळला तरी गिझर पाणी तापवतो. घरच्या घरी केलेल्या विजेच्या कामाचा खरा धोका हाच, की चूक त्या दिवशी दिसत नाही. ती महिनोन् महिने बोर्डाच्या आत बसून राहते. मग एखाद्या दिवशी फ्रिजच्या आतली वायर घासून उघडी पडते, किंवा बाथरूममध्ये कोणी ओल्या हाताने नळ धरतं, आणि तेव्हा ती कळते. म्हणून नवख्या माणसाने आधी एक सवय लावून घ्यायची: ‘चालू झालं’ यावर समाधान मानायचं नाही. मोजायचं, ओढून बघायचं, मगच बोर्ड बंद करायचा.

स्वतः काय करावं याची हद्द नियमांनीच घालून दिली आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांप्रमाणे वायरिंग नव्याने करणं, वाढवणं किंवा त्यात फेरफार करणं हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं काम आहे. सूट आहे ती दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं आणि फिटिंग बदलण्यापुरती, आणि तीसुद्धा मूळ जोडणीची क्षमता आणि स्वरूप बदलत नसेल तरच. म्हणजे ६ अँपिअरचा जळका सॉकेट काढून तिथे ६ अँपिअरचाच बसवणं तुमच्या हातातलं आहे. त्याच जागी १६ अँपिअरचा बसवून त्यावर गिझर लावणं नाही, कारण मागची वायर १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची आहे आणि सॉकेट बदलल्याने ती जाड होत नाही.

किती करंट पुरतो

घरात येणारी वीज २३० व्होल्टची. कोरड्या हाताचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, बराच असतो, पण घाम आलेला असेल, हात ओले असतील, पाय उघडे असतील तर अंगाचा रोध साधारण १००० ओहमपर्यंत उतरतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलीअँपिअर. १ मिलीअँपिअरला मुंग्या येतात. १० च्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. विजेने ‘ओढून घेतलं’ असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर मूठच आवळली गेलेली असते. ३० च्या पुढे गेलेला करंट थोडा वेळ जरी टिकला तरी श्वास अडकू शकतो आणि हृदयाची लय बिघडू शकते.

आता एमसीबीकडे, म्हणजे जास्त करंट वाहिला की आपोआप पडणाऱ्या मीटरजवळच्या खटक्याकडे बघा. घरातला सगळ्यात लहान एमसीबी सहसा ६ अँपिअरचा, म्हणजे ६००० मिलीअँपिअरचा. तुमच्या अंगातून २३० मिलीअँपिअर जात असतात तेव्हा त्याच्या लेखी कोणीतरी पन्नासेक वॅटचा दिवा लावलेला असतो. तो पडणार नाही. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही.

माणसाला वाचवतो आरसीसीबी. बरेच वायरमन त्याला आजही ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तो सतत तुलना करतो. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की ०.३ सेकंदांच्या आत तो तुटलाच पाहिजे, आणि गळती जास्त असेल तर याहून बराच लवकर. तुमच्या घरात तो असेल तर आजच त्यावरचा आकडा वाचा. ‘३० मिलीअँपिअर’ किंवा ‘०.०३ अँपिअर’ असेल तर ठीक. १०० किंवा ३०० चा असेल तर तो आगीपासून थोडंफार संरक्षण देईल, माणसासाठी तो उपयोगाचा नाही. महिन्यातून एकदा त्याचं ‘टेस्ट’ बटण दाबा. दाबल्यावर खटका पडला नाही तर तो भिंतीवर फक्त शोभेला आहे.

त्याच्याही मर्यादा आहेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरलात तर गेलेला करंट पुरता परत येतो, फरक पडत नाही आणि तो तुटत नाही. जास्त लोड आला तरी तो तुटत नाही, त्यासाठी एमसीबी वेगळा लागतोच. आणि टेस्ट बटण दाबून तो पडला म्हणजे घराचं अर्थिंग चांगलं आहे असंही सिद्ध होत नाही. ते बटण आतल्याआत गळतीचं नाटक करतं, जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्याशी त्याचा संबंध नसतो.

अर्थिंगचं गणित एकदा करून बघण्यासारखं आहे. समजा वॉशिंग मशीनच्या पत्र्याला आतून फेज लागला. अर्थिंगचा रोध २ ओहम असेल तर करंट ११५ अँपिअर होतो आणि एमसीबी चटकन पडतो. खड्डा उन्हाळ्यात सुकला, पट्टी गंजली, रोध ५० ओहमवर गेला, तर करंट होतो जेमतेम ४.६ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलत नाही आणि मशीनचा पत्रा २३० व्होल्टच्या आसपास तसाच उभा राहतो. अर्थिंग आहे, हिरवी वायर जोडलेली आहे, तरीही झटका बसतो, त्याचं कारण हे. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही लागतात. एक आहे म्हणून दुसऱ्याला सुट्टी नाही. स्वतंत्र घर असेल तर उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा.

बोर्ड उघडण्याआधी

१. ज्या बोर्डावर काम करायचं त्याचा एमसीबी पाडा. कोणता ते नक्की नसेल तर मेन पाडा. स्विच बंद केला म्हणजे सप्लाय बंद झाला असं धरू नका. स्विचच्या एका टोकाला फेज कायम असतो.

२. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा आणि त्याचा इनपुट टॉप (प्लग) काढून ठेवा. यात फार जण फसतात. मेन पाडला, लाइट गेली असं इन्व्हर्टरला वाटलं आणि त्याने लगेच दिवे-पंख्यांच्या लाइनीत बॅटरीवरून २३० व्होल्ट सोडले. बॅटरीतून आलेल्या २३० व्होल्टचा झटका महावितरणच्या २३० व्होल्टपेक्षा सौम्य नसतो. छतावर सोलर असेल तर पॅनेलपासून येणाऱ्या डीसी वायरी ऊन असेपर्यंत जिवंतच असतात. त्यांना अजिबात हात लावू नका.

३. पाडलेल्या एमसीबीवर चिकटपट्टी लावा आणि ‘काम चालू आहे’ असा कागद चिकटवा. घरातल्या प्रत्येकाला सांगा. ‘पंखा का बंद पडला’ म्हणून कोणीतरी खटका वर करण्याची शक्यता अगदी खरी आहे.

४. टेस्टर आधी चालू असलेल्या दुसऱ्या सॉकेटवर लावून तो पेटतो याची खात्री करा. मग तुमच्या बोर्डावर तपासा. मग पुन्हा एकदा चालू सॉकेटवर. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला नाही ना हे तिसऱ्या वेळी कळतं.

५. पायात कोरडी रबरी चप्पल, खाली कोरडी फरशी. उंचावर काम असेल तर लाकडी स्टूल किंवा लाकडी शिडी, अॅल्युमिनियमची घोडी नको. पंख्याजवळ बसलेला किरकोळ झटकासुद्धा माणसाला शिडीवरून खाली पाडतो आणि मार लागतो तो पडण्याचा. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा.

टेस्टर कधी कधी खोटं बोलतो

आपला साधा निऑन टेस्टर अंगातून अतिशय थोडा करंट जमिनीत सोडून पेटतो. प्लॅस्टिकच्या स्टुलावर रबरी चप्पल घालून उभे असाल, वर बाल्कनीतून ऊन येत असेल, तर जिवंत वायरीवरही त्याची चमक दिसत नाही. उलट बाजूला, शेजारून फेजची वायर गेलेली असेल तर कुठेही न जोडलेल्या वायरीवरही तो मंद पेटतो. म्हणून ‘टेस्टर पेटला नाही’ हा पुरावा अर्धाच आहे.

एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि तो ‘एसी व्होल्ट’च्या ६०० किंवा ७५० च्या रेंजवर ठेवून मोजायला शिका. चांगल्या सॉकेटमध्ये फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट, फार तर थोडं जास्त. फेज ते अर्थ ८०-१०० असं काहीतरी अधांतरी दिसलं तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे. मीटरची एक वायर चुकून अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही ती सॉकेटमध्ये घातली तर तो सरळ शॉर्ट आहे. मोजण्याआधी दोन्ही वायरी कुठल्या भोकात आहेत ते प्रत्येक वेळी बघा.

टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो आणि तरी काहीच चालत नाही, ही तक्रार नेहमी ऐकू येते. दोन फेज आलेले नसतात, बहुतेक वेळा न्यूट्रल तुटलेला असतो. एखादा चालू ठेवलेला दिवा किंवा टीव्ही फेजला आपल्यातून वाट देतो आणि न्यूट्रलची वायरही जिवंत होते. काळी आहे म्हणून ती वायर अशा वेळी हातात धरणाऱ्या माणसाच्या जिवावर बेततं. आणि इमारतीचा मुख्य न्यूट्रल तुटला तर प्रकरण याहून गंभीर असतं. वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी मालिकेत जोडल्यासारखी होतात, दोन फेजमधला ४०० व्होल्टचा दाब त्यांच्यात लोडप्रमाणे वाटला जातो, कोणाचे दिवे मंद होतात आणि कोणाचे भगभगीत. दिवे असे भगभगताना दिसले की टीव्ही-फ्रिज वाचवायला एकेक टॉप काढत बसू नका, थेट मेन पाडा आणि १९१२ वर कळवा.

सॉकेट बदलणे

सॉकेट घेताना आयएसआय चिन्ह बघा. आधी बोर्ड उघडून मोबाइलने जोडणीचा फोटो काढा, दोन बाजूंनी. मॉड्युलर बोर्डात बाहेरची प्लेट पातळ स्क्रूड्रायव्हरने खालच्या खाचेतून उचलली की निघते, मग ग्रिडचे, म्हणजे आतल्या चौकटीचे, स्क्रू दिसतात. ग्रिड हळूच बाहेर ओढा, मागच्या वायरी ताणू नका. वायर हातात घेण्याआधी प्रत्येक टर्मिनल पुन्हा तपासा. एकाच बोर्डात दोन वेगळ्या एमसीबींच्या लाइनी आलेल्या असू शकतात, जुन्या घरांत तर हमखास.

सॉकेटकडे समोरून बघताना वरचं जाड भोक अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. पण जोडणी करताना तुम्ही सॉकेट उलटा धरलेला असतो आणि उजवं-डावं बदलतं. इथेच नवख्यांच्या हातून फेज-न्यूट्रल उलटतात. दिशेवर जाऊ नका, टर्मिनलशेजारी कोरलेलं ‘एल’, ‘एन’ आणि अर्थचं चिन्ह वाचा. स्विच नेहमी फेजमध्ये. न्यूट्रलमध्ये बसवला तर स्विच बंद केल्यावर दिवा विझेल, पण होल्डरमध्ये फेज तसाच राहील आणि बल्ब बदलायला चढलेल्याला तो सापडेल.

रंगांवरही डोळे झाकून विश्वास नको. घरातल्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा, निळा हे फेजचे रंग आणि काळा न्यूट्रल, ही आपल्याकडची जुनी रीत. पण उपकरणाच्या केबलमध्ये तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल असतो. म्हणजे निळी वायर इस्त्रीच्या केबलमध्ये न्यूट्रल आहे आणि भिंतीत फेज असू शकते. शिवाय कोणीतरी आधी काम करून गेलेला असतो आणि त्याच्या पिशवीत त्या दिवशी जो रंग होता तो त्याने ओढलेला असतो. मोजा, मगच जोडा.

वायर ८ ते १० मिलिमीटर सोला. ब्लेडने सोलताना तांब्याच्या तारा कापल्या तर तेवढी वायर छाटून पुन्हा सोला. २० तारांपैकी ५ तुटल्या तर तिथे वायर तेवढी बारीक झाली. तारा घट्ट पिळा, वायर बारीक असेल तर टोक दुमडून दुप्पट करा. त्यावर सोल्डर लावू नका. स्क्रूच्या दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं आणि जोड सैल होतो. टर्मिनलच्या बाहेर उघडं तांबं दिसता कामा नये आणि स्क्रू रबरावर नाही, तांब्यावर बसला पाहिजे. आवळल्यावर प्रत्येक वायर चिमटीत धरून ओढा. हलली तर पुन्हा. एकाच टर्मिनलमध्ये जाड आणि बारीक अशा दोन वायरी घातल्या की जाड पकडली जाते आणि बारीक सैल राहते. दोन्ही एकत्र पिळूनच घाला.

थ्री पिन टॉप बदलत असाल तर आतली हिरवी वायर इतर दोघींपेक्षा सेंटिमीटरभर लांब ठेवा. केबलला हिसका बसला तर अर्थ सगळ्यात शेवटी सुटायला हवा. आणि केबलची पकड बाहेरच्या जाड आवरणावर बसवा, आतल्या वायरींवर नाही.

सैल स्क्रूचं काय होतं

घरातल्या विजेच्या आगी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शॉर्ट सर्किट येतं. पण जास्त चिवट आणि जास्त फसवा शत्रू म्हणजे सैल जोड. ३००० वॅटचा गिझर १३ अँपिअर घेतो. स्क्रू सैल राहिला आणि तिथे फक्त ०.१ ओहमचा रोध तयार झाला, तर त्या बिंदूवर तयार होणारी उष्णता १३ गुणिले १३ गुणिले ०.१, म्हणजे जवळपास १७ वॅट. लहान सोल्डरिंग आयर्न १५ ते २५ वॅटचं असतं. ते भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या डब्यात रोज अर्धा तास चालू ठेवल्यासारखं हे आहे. तापल्यावर तांबं काळवंडतं, स्क्रूची पकड आणखी सुटते, रोध वाढतो, उष्णता वाढते. हे चक्र आपणहून थांबत नाही. आणि एमसीबीला यातलं काही कळत नाही, कारण करंट १३ अँपिअरच आहे, नेहमीचाच. आरसीसीबीलाही कळत नाही, कारण गळती नाही. हा धोका पकडायला घरात डोळे, नाक आणि हात एवढंच आहे.

खुणा ओळखा. सॉकेटचं भोक पिवळट किंवा तपकिरी होणं, टॉप काढताना पिन हाताला पोळणं, बोर्डाजवळ जळकट किंवा माशासारखा उग्र वास, स्विच दाबताना चर्र आवाज, गिझर चालू केल्यावर दिवा लुकलुकणं. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी ती लाइन बंद करा. काळवंडलेली वायर पॉलिश करून परत जोडू नका, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे छाटा. आणि जळक्या सॉकेटबरोबर त्यातला टॉपही बदला, नाहीतर त्याच्या जळक्या पिना नवा सॉकेटही खातील. नव्या जोडणीवर अर्धा तास पूर्ण लोड चालवून प्लेटला हात लावून बघा. कोमट चालेल, गरम नाही.

वायरींना वायरी पिळून वर टेप गुंडाळलेला जोड भिंतीतल्या पाइपात कधीही ठेवू नका. टेपचा गोंद काही वर्षांत चिकट पाणी होतो आणि टेप निसटते. जोड हवाच असेल तर तो बोर्डात किंवा उघडता येईल अशा जंक्शन बॉक्समध्ये, कनेक्टर लावून. जुन्या चाळींत, वाड्यांत अॅल्युमिनियमच्या वायरी अजून सापडतात. त्यांना तांब्याची वायर पिळून जोडली की दमट हवेत तो जोड खराब होणारच. तिथे स्वतः काही करू नका, नवं वायरिंग करून घ्या.

वायर, एमसीबी आणि लोड

घरी दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर आणि १० अँपिअरचा एमसीबी, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ आणि १६ किंवा २० चा, एसीला ४ आणि २० किंवा २५ चा, ही ढोबळ जोडी लक्षात ठेवा. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात घातक इलाज. एमसीबी त्याच्या आकड्याच्या १.१३ पटीपर्यंत पडत नाही आणि १.४५ पटीला पडायला एक तासही घेऊ शकतो, तशीच त्याची रचना आहे. २.५ च्या वायरीवर ३२ चा एमसीबी बसवला तर ३६ अँपिअर दिवसभर वाहू शकतात. वायर पाइपात भाजून निघेल आणि खटका वरच राहील. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये फ्यूज वायरऐवजी साध्या वायरीची तार घालणं म्हणजे तेच.

६ अँपिअरचा सॉकेट किंवा एक्स्टेंशन बोर्ड १३८० वॅट झेलतो. इस्त्री १००० वॅटची, ४.३ अँपिअर. इंडक्शन शेगडी २००० ची, ८.७. इस्त्री आणि किटली एका एक्स्टेंशनवर चालणार नाही, हीटर आणि गिझर तर त्यावर लावायचेच नाहीत. गुंडाळी असलेलं एक्स्टेंशन वापरताना वायर पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता आतच कोंडते.

अर्थच्या नावाने केलेल्या दोन चुका

सॉकेट जुना, तीन पिना बसत नाहीत, म्हणून टॉपची जाड पिन कापून टाकली. किंवा घरात अर्थिंग नाही, म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रलमधून एक लूप काढून अर्थच्या टर्मिनलला दिला. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट. न्यूट्रल मागे कुठे सुटला की त्या लूपमधून फेज थेट फ्रिजच्या दारावर, मिक्सरच्या बॉडीवर, वॉशिंग मशीनच्या ड्रमवर येतो, उपकरण पूर्ण निर्दोष असूनही.

विदर्भात दर उन्हाळ्यात लोखंडी कूलरच्या झटक्याने माणसं जातात आणि महावितरणला दरवर्षी तेच सांगावं लागतं. पत्र्याची बॉडी, पायाखाली सांडलेलं पाणी, पाण्यात बुडालेला पंप, ओले हात, आणि वर दोन पिनांचा टॉप. कूलर दिवाळीनंतर आवरला आणि मार्चमध्ये काढला की वापरण्याआधी हे करा: टॉप सॉकेटबाहेर असताना मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक टोक टॉपच्या जाड पिनेला आणि दुसरं बॉडीवरच्या एखाद्या स्क्रूला, रंग थोडा खरवडून, लावा. १ ओहमच्या आत दाखवायला हवं. काहीच दाखवत नसेल तर बॉडी अर्थला जोडलेली नाही. पंपाच्या केबलला टाकीच्या आत किंवा खाली जोड नको. पाणी भरताना स्विच बंद करणं पुरेसं नाही, टॉप काढा, मग पाइप हातात घ्या. आणि कूलरच्या सॉकेटची लाइन ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवर असलीच पाहिजे.

पाणी तापवायच्या रॉडचंही तेच. आधी पाण्यात, मग चालू. आधी बंद, मग टॉप काढा, मग बोट बुडवा. लोखंडी बादलीत कधीच नाही. बाथरूममधल्या गिझरला २० अँपिअरचा डीपी स्विच असावा, म्हणजे फेज-न्यूट्रल दोन्ही तुटतात, आणि तो ओल्या हाताला सहज न सापडेल अशा जागी.

गणपतीची आरास आणि दिवाळीचे आकाशकंदील या दिवसांत घराघरांत एक प्रकार दिसतो: माळेचा टॉप नाही म्हणून वायरीची सोललेली टोकं सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काड्यांनी दाबणं. लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर उघडा फेज ठेवल्यासारखं आहे ते. टॉप वीस-तीस रुपयांना मिळतो, तो लावा. बाल्कनीतल्या कंदिलाच्या वायरीला मध्ये जोड नको, आणि ती कपडे वाळत घालायच्या तारेवरून नेऊ नका.

आरसीसीबी पडतच राहिला तर

त्याला बायपास करू नका. सगळी उपकरणं सॉकेटमधून काढा, फक्त स्विच बंद करून भागत नाही. सगळे एमसीबी पाडा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चालू करत जा. ज्याला पडेल त्या लाइनीत दोष. पण सगळे एमसीबी पाडूनही तो पडत असेल तर चक्रावून जाऊ नका. घरचे एमसीबी बहुतेक एका पोलचे असतात, फक्त फेज तोडतात, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. कुठेतरी न्यूट्रल अर्थला चिकटलेला असला की हे होतं. नवा आरसीसीबी बसवल्या दिवसापासून पडत असेल तर दोन लाइनींचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असण्याची शक्यता मोठी. हे शोधणं वायरमनचं काम.

तसंच मीटर, मेन कटआउट, अर्थिंगचा खड्डा, नवी लाइन ओढणं, थ्री फेजचं काहीही, आणि मायक्रोवेव्हची बॉडी उघडणं हे करू नका. मायक्रोवेव्हच्या आत २००० व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो आणि टॉप काढल्यावरही त्याचा कपॅसिटर चार्ज धरून ठेवू शकतो. भिंतीत ड्रिल मारताना बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत मारू नका. पाइप बहुधा तिथूनच जातात.

कोणाला करंट लागला तर

त्याला हात लावू नका. मेन पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर बाजूला करा, ओला टॉवेल किंवा लोखंडी पाइप नको. मग १०८ किंवा ११२ ला फोन. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, मध्येच आचके दिल्यासारखा श्वास येत असला तरी, छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब द्या. शिकलेले असाल तर ३० दाबांनंतर २ श्वास. रुग्णवाहिका येईपर्यंत दाब देणं थांबवू नका.

विजेमुळे आग लागली तर आधी सप्लाय तोडा. पाणी मारू नका, कार्बन डायऑक्साइड किंवा एबीसी पावडरचं अग्निशामक वापरा आणि १०१ ला कळवा.

झटका बसून माणूस उठून बसला, ‘मी ठीक आहे’ म्हणाला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन ईसीजी काढून घ्या. हृदयाची लय नंतरही बिघडू शकते आणि कातडीवर छोटा डाग दिसत असला तरी आत भाजलेलं जास्त असू शकतं. करंट कुठून शिरला, कुठून बाहेर पडला आणि साधारण किती वेळ धरून ठेवलं होतं, हे डॉक्टरांना सांगा.